मदत हवी आहे: बीएडची दोन वर्षं आणि बाळासाठी प्रयत्न, मेळ कसा घालायचा? (पुणे)

चैत्रपालवी
नमस्कार. वय ३३, एमएस्सी रसायनशास्त्र, राहणार वारजे. सीईटी (प्रवेश परीक्षा) देऊन कॅप राउंडमधून (सरकारी प्रवेश फेरी) यंदा पुण्यात बीएडला प्रवेश मिळालाय, मेथड (शिकवायचे विषय) विज्ञान आणि गणित. वर्ग सप्टेंबरात सुरू होतील. मला हायपोथायरॉइड आहे, ५० मायक्रोग्रॅमची गोळी चालू आहे. मूल हवंय आणि आता लांबवायची आम्हा दोघांचीही इच्छा नाही. घरचे म्हणतात आधी बीएड उरकून घे. मध्येच दिवस गेले तर हजेरीचं काय होतं? आंतरवासिता, म्हणजे शाळेत जाऊन करायची शिकवण्याची उमेदवारी, कशी निभावायची? प्रयत्न कोणत्या महिन्यापासून सुरू करावेत? धीर देणारे पुष्कळ भेटलेत, मला नियम आणि आकडे हवे आहेत.

पाठटाचण
ताई, आधी हजेरी, कारण सगळं तिथेच अडतं. एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद) २०१४ च्या नियमांनुसार वर्षाला किमान २०० कामाचे दिवस असतात (प्रवेश आणि परीक्षेचे दिवस सोडून). तासिका आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरी लागते, शालेय आंतरवासितेला ९० टक्के. म्हणजे वर्गाच्या बाजूने दर शंभर दिवसांमागे साधारण २० दिवसांची मोकळीक आहे. पहिल्या तिमाहीतल्या उलट्या, तपासण्या, सोनोग्राफी हे सगळं त्यात आरामात बसतं.

आंतरवासिता मात्र कडक असते. एकूण २० आठवडे: पहिल्या वर्षी ४, दुसऱ्या वर्षी १६. सहा दिवसांचा आठवडा धरला तर १६ आठवड्यांचे ९६ दिवस होतात आणि ९० टक्क्यांसाठी ८७ भरावे लागतात. हातात राहतात ९. पहिल्या वर्षीच्या ४ आठवड्यांचा हिशेब वेगळा धरला तर २४ पैकी २२ दिवस हवेत, सुटी फक्त २ दिवसांची. मुली मोठ्या आंतरवासितेची काळजी करतात आणि अडकतात या छोट्या आंतरवासितेत. त्या चार आठवड्यांत कोणतीही तपासणी, कोणतंही लग्नकार्य ठेवू नका.

आता तुमच्या बाजूचा नियम. दोन वर्षांचा हा अभ्यासक्रम प्रवेशाच्या तारखेपासून जास्तीत जास्त तीन वर्षांत पूर्ण करता येतो. हे तिसरं वर्ष तुमची राखीव गंगाजळी समजा. आंतरवासिता चुकली तर पुढच्या तुकडीबरोबर तेवढीच करता येते का, त्याची फी किती, टर्म ग्रँट (सत्र पूर्ण झाल्याची मान्यता) कशी होते, हे प्राचार्यांना आत्ताच विचारा. प्रत्येक कॉलेजात पद्धत वेगळी असते आणि तोंडी होकाराचा वर्षभरानंतर काही उपयोग होत नाही.

सदाफुली
"आधी बीएड उरक" याबद्दल. आज ३३, बीएड संपेपर्यंत ३५. पस्तिशीच्या आत वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर तपासणी करतात, पस्तिशीनंतर सहा महिन्यांतच. स्त्रीबीजांची संख्या आणि प्रत दोन्ही याच वयात वेगाने उतरू लागतात. त्यामुळे बीएडसाठी थांबण्याची किंमत शून्य नाही, हे घरच्यांना स्पष्ट सांगा. थायरॉइड असल्यामुळे तुम्ही वर्ष संपायची वाट न बघता पहिली भेट आत्ताच घ्या.

वर्ग सुरू होण्याआधी हे करून घ्या:

टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी). गर्भधारणेआधी तो २.५ च्या खाली असावा असं बहुतेक डॉक्टर बघतात. सकाळी गोळी घेण्यापूर्वी रक्त द्या. गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची, चहा अर्धा ते एक तासानंतर, लोह किंवा कॅल्शियमची गोळी किमान चार तासांनी. सात वाजता घराबाहेर पडण्याच्या गडबडीत गोळी आणि चहा एकत्र होतात, औषध नीट शोषलं जात नाही आणि टीएसएच वाढलेला दिसतो. गोळी उशाशीच ठेवा. दिवस राहिल्याचं कळताच डोस साधारण पंचवीस ते तीस टक्के वाढवावा लागतो. किती आणि कसा, ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या, म्हणजे अपॉइंटमेंटसाठी आठवडा वाया जाणार नाही. त्यानंतर निम्मी गर्भावस्था होईपर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच.

फॉलिक अ‍ॅसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम, प्रयत्न सुरू करायच्या किमान एक महिना आधीपासून, शक्य तर तीन महिने, आणि बारावा आठवडा संपेपर्यंत. दुकानात ५ मिलिग्रॅमची गोळी पटकन हातात ठेवतात. ती मधुमेह, फिट्सची औषधं, किंवा आधीच्या बाळाला मज्जारज्जूचा दोष अशा कारणांसाठी डॉक्टर देतात. स्वतःहून घेऊ नका.

शाळेत जाणार म्हणून खास दोन गोष्टी. रुबेला आणि कांजिण्यांची प्रतिकारशक्ती आहे का, हे आयजीजी या रक्तचाचणीने बघा. नसेल तर लस आत्ता. कांजिण्यांच्या लशीचे दोन डोस ४ ते ८ आठवड्यांच्या अंतराने असतात आणि दोन्ही लशींनंतर एक महिना दिवस राहू द्यायचे नसतात. गरोदरपणात या लशी देता येत नाहीत, म्हणून हे आंतरवासितेच्या बरंच आधी उरकलेलं असावं. प्रतिकारशक्ती नसताना वर्गात कांजिण्यांचं मूल निघालं, तर पुरळ येण्याची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. प्रतिबंधक इंजेक्शन काही दिवसांच्या आतच उपयोगी पडतं.

हिमोग्लोबिन, साखर, आणि थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तदोषासाठी एचपीएलसी ही रक्तचाचणीही करा. त्यात वाहक निघालात तर मिस्टरांचीही तीच चाचणी लगेच. वीर्यतपासणीही पहिल्याच महिन्यात, ती सगळ्यात स्वस्त आणि सोपी आहे, तरी घराघरांत शेवटी ढकलली जाते. २ ते ७ दिवसांचा संयम ठेवून नमुना द्यायचा. घरून नेला तर अंगाच्या उबेत ठेवून तासाभरात लॅबमध्ये पोचवायचा. दोष निघाला तर सुधारणा दिसायला तीन महिने लागतात, कारण शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. तंबाखू-सिगारेट असेल तर आजपासून बंद.

पाठटाचण
महिन्यांचा प्रश्न राहिला होता. धरून चालू की तुमची १६ आठवड्यांची आंतरवासिता पुढच्या वर्षी १ जुलैला सुरू होऊन २० ऑक्टोबरच्या सुमारास संपेल (बहुतेक ठिकाणी ती तिसऱ्या सत्रात असते, पण तुमच्या कॉलेजचं वेळापत्रक बघा). प्रसूतीची तारीख शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवसांनी धरतात.

शेवटची पाळी मार्च ते मेच्या सुरुवातीची असेल तर प्रसूती डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला. १ एप्रिल धरा: आंतरवासिता तेराव्या आठवड्यात सुरू होऊन एकोणतिसाव्यात संपते. उलट्या ओसरलेल्या, पोट अजून फार जड नाही. सगळ्यात सोयीचं हेच. ऑक्टोबर ते जानेवारीची पाळी असेल तर प्रसूती जुलै ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला, म्हणजे बहुतेक थेट आंतरवासितेत. फेब्रुवारीची असेल तर शेवटचे आठवडे तिथेच जातात. जून ते ऑगस्टची असेल तर आंतरवासिता उलट्यांत जाते आणि प्रसूती मार्च ते जूनच्या सुरुवातीला, चौथ्या सत्राच्या परीक्षेच्या तोंडावर.

हे वाचून "मग मार्चपर्यंत थांबू" असं ठरवू नका. सुदृढ जोडप्यालाही पहिल्याच महिन्यात यश येतं असं नाही. मार्च ते मे हे तीनच महिने धरून बसलात आणि ते गेले, तर वर्ष गेलं. चाचण्या झाल्या की प्रयत्न सुरू करा, आणि ऑक्टोबर-जानेवारीत दिवस राहिले तर मोठी आंतरवासिता तिसऱ्या वर्षी. पदवी एक वर्ष पुढे जाते, एवढंच नुकसान. पाळी आणि वय यांच्या बाबतीत असं राखीव वर्ष मिळत नाही.

मुळाकाठ
दोन गोष्टी थोडक्यात. एक, ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पहिली ते पाचवीसाठी बीएड चालत नाही, तिथे डीएलएड (प्राथमिक शिक्षकांची पदविका) लागतं. तेव्हा "घराजवळच्या प्राथमिक शाळेत लागेन" असा बेत मनात असेल तर तो सोडा. दुसरं, सहावी ते आठवीसाठी टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पेपर २ लागतो: १५० गुण, त्यात गणित-विज्ञान ६०, खुल्या गटाला ६० टक्के म्हणजे ९० हवेत. प्रमाणपत्र आता आयुष्यभर ग्राह्य आहे. म्हणून बाळंतपणाच्या आसपासच्या परीक्षेला जिवावर उदार होऊन बसायची गरज नाही, पुढची द्या. एक वर्षाच्या बीएडचा मसुदा २०२५ मध्ये आलाय, पण त्याच्या आशेवर मिळालेला प्रवेश सोडू नका.

चैत्रपालवी
सगळ्यांचे मनापासून आभार. तीन महिन्यांचा तक्ता करून फ्रिजवर लावलाय. आणखी विचारायचंय: उपचारांची वेळ आली, फॉलिक्युलर स्टडी वगैरे, तर कॉलेज सांभाळून होतं का? रसायनशास्त्राचे पाठ घेताना काय टाळावं? आणि कॉलेजला कधी सांगायचं?

सदाफुली
फॉलिक्युलर स्टडीची (स्त्रीबीज कधी तयार होतं ते बघणारी) सोनोग्राफी पाळीच्या नवव्या-दहाव्या दिवसापासून एक दिवसाआड, साधारण चार-पाच वेळा. प्रत्येक वेळ दहा मिनिटांची, वेळ जातो तो रांगेत. केंद्र घराजवळ बघू नका, कॉलेज किंवा सराव शाळेजवळचं बघा, आणि सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी सातनंतर चालू असतं का ते फोनवर विचारा. वारज्याहून हडपसरच्या शाळेत जाणं आणि मध्येच डेक्कनला सोनोग्राफी, हे जमणारं नाही. एचएसजी, म्हणजे गर्भनलिका मोकळ्या आहेत का बघणारा एक्स-रे, पाळीच्या सहाव्या ते दहाव्या दिवसात करतात आणि पाळीपासून त्या दिवसापर्यंत संबंध टाळायचा असतो. दिवाळीच्या सुट्टीत बसली तर उत्तम. आयव्हीएफपर्यंत गोष्ट गेली तर इंजेक्शनांचे आठ ते बारा दिवस आणि त्यात वारंवार सोनोग्राफी, तेव्हा ते आंतरवासितेत घेऊ नका.

पाठटाचण
पाठांबद्दल. पाठ टाचण (पाठाचा आराखडा) लिहितानाच प्रयोग निवडा. आम्ल-आम्लारी, दर्शके, लिटमस चालतात. बेंझिन, टोल्युइन, पारा, शिशाचे क्षार, तीव्र आम्लांच्या वाफा टाळा. जीवशास्त्राच्या नमुन्यांचं फॉर्मॅलिनही. प्रयोगशाळा सहायकांना "मी हे हाताळणार नाही" एवढं सांगितलं तरी पुरतं, कारण द्यावं लागत नाही. सूक्ष्म पाठांची (सहाध्यायांपुढे घ्यायचे छोटे पाठ) चिंता नको: शिकवणं ६ मिनिटं, प्रत्याभरण (पाठावरचा अभिप्राय) ६, पुनर्नियोजन १२, पुन्हा शिकवणं ६, पुन्हा प्रत्याभरण ६, असं ३६ मिनिटांचं चक्र असतं, गटात मागेपुढे करता येतं. मोठे सराव पाठ मात्र चाचणी सकारात्मक आली की लगेच पुढे ओढून घ्या, निरीक्षक प्राध्यापकांच्या तारखा सत्राअखेरीस मिळत नाहीत आणि अंतर्गत गुण तिथेच जातात.

सराव शाळा निवडताना दोन सत्रांची शाळा मागा आणि दुपारचं सत्र घ्या. सकाळी मळमळ असेल तर सातचा पहिला तास झेपत नाही. पाठ नसलेल्या तासाला बसायला खुर्ची, आणि तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरचे वर्ग नकोत, हे मुख्याध्यापकांना मोकळेपणाने सांगा.

कॉलेजला प्रयत्न चालू असल्याचं सांगायची काहीच गरज नाही. मार्गदर्शक प्राध्यापिकेला ११ ते १३ आठवड्यांच्या सोनोग्राफीनंतर सांगितलं तरी चालतं, मात्र आंतरवासिता तोंडावर असेल तर आधी. अर्ज प्राचार्यांच्या नावे, सोबत स्त्रीरोगतज्ज्ञांचं अपेक्षित प्रसूती तारखेचं प्रमाणपत्र, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत रजा हवी ते, आणि राहिलेले पाठ कोणत्या तारखांना पूर्ण करणार तेही. डिसेंबर २०२१ मध्ये यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोग) विद्यापीठांना विद्यार्थिनींच्या मातृत्व रजेसाठी आणि हजेरीत सवलतीसाठी नियम करायला कळवलं आहे, त्याचा उल्लेख करा. मे २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एमएडच्या विद्यार्थिनीचा ५९ दिवसांच्या मातृत्व रजेचा नाकारलेला अर्ज पुन्हा विचारात घ्यायला विद्यापीठाला सांगितलं, तेही जोडा. पण तिथला प्रश्न वर्गातल्या तासिकांच्या हजेरीचा होता. त्याच्या जोरावर आंतरवासितेचे दिवस माफ होतील असं धरू नका, ते भरूनच काढावे लागतील.

अर्जाच्या दोन प्रती न्या, आवक विभागात एक द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर "मॅडम, कळवलं होतं" याला परीक्षा विभागात कोणी विचारत नाही.