ब्लेनाव्हनचा जुना लोखंड कारखाना: बघण्यासारखं काय उरलंय?

चिपळूणचे_काका
मे महिन्यात आम्ही दोघं वेल्समध्ये कार्डिफला लेकीकडे चाललोय. जावई म्हणतात तासाभरावर ब्लेनाव्हनला जुना लोखंडाचा कारखाना आहे, वर्ल्ड हेरिटेज आहे, तिकडे नेतो. आमच्या हिचं म्हणणं, पडक्या भिंती बघायला विलायतेला कशाला, गोवळकोट आहे की घराजवळ. इमारती धड उभ्या आहेत का नुसते दगड? आणि गुडघ्यांना झेपेल ना?

डोलवीचा_भट्टीवाला
काका, डोळे मिटून जा. मी पेणजवळ डोलवीला ब्लास्ट फर्नेसवर (लोखंड गाळायच्या भट्टीवर) आहे, मागे तिकडे जाऊन आलोय. १७८९ ला तीन भट्ट्यांवर कारखाना सुरू झाला, आणि त्या भट्ट्या डोंगर कापून त्याला टेकवूनच बांधल्यात, म्हणजे खनिज, कोक (भाजून घेतलेला दगडी कोळसा), चुनखडी वरच्या अंगाने आणून थेट भट्टीत ओतायची आणि लोखंडाचा रस खाली काढायचा, माल चढवायची कटकटच नाही (आमच्याकडे त्यासाठी केवढा कन्व्हेअर लागतो!). सगळ्या भट्ट्या अखंड नाहीत, पण त्यामुळेच आतली बांधणी दिसते. समोर कास्ट हाउस आहे, तिथे वाळूच्या साच्यात रस सोडायचे.

खरी मजा कोपऱ्यातल्या उंच दगडी टॉवरची. १८३९ चा वॉटर बॅलन्स टॉवर. म्हणजे बघा, रहाटाला दोन पोहरे असतात तसं, वरच्या पाळण्याखालच्या टाकीत पाणी भरायचं, तो जड होऊन खाली आला की दुसऱ्या बाजूचा भरलेला डबा वर, मग खाली पाणी सोडून द्यायचं. तयार लोखंड असं डोंगरावरच्या ट्रामवेवर (डबे ओढायच्या रुळांवर) चढवून पुढे कालव्याकडे न्यायचे. शेजारी स्टॅक स्क्वेअरमध्ये कामगारांची घरं आहेत, त्या काळासारखी मांडलेली, वहिनींना ती नक्की आवडतील.

दाभोळचा_खलाशी
त्यापेक्षा इंग्लंडमधलं आयर्नब्रिज करा. डार्बीने १७०९ ला कोकवर लोखंड गाळलं ती कोलब्रुकडेलची भट्टी अजून आहे, शिवाय १७७९ चा ओतीव लोखंडाचा पूल.

डोलवीचा_भट्टीवाला
दादा ते भारीच आहे, पण कार्डिफहून चांगलंच लांब पडतं. आणि ब्लेनाव्हनला कमी समजू नका, फॉस्फरसवाल्या खनिजापासून चांगलं स्टील करायची युक्ती गिलख्रिस्ट थॉमसने १८७० च्या दशकात इथेच आजमावली. कोर्टात कारकून होता तो! चुलतभाऊ इथे केमिस्ट, त्याला हाताशी धरून केलं. भट्टीला चुनखडी-डोलोमाइटसारखं अस्तर द्यायचं, फॉस्फरस स्लॅगमध्ये (वर तरंगणाऱ्या मळीत) निघून जातो. तो स्लॅग पुढे शेतात खत म्हणून खपायला लागला. आमच्या लाइनमधल्या माणसाने तिथे नारळ ठेवावा अशी जागा आहे.

कुडाळकर
माका विचारशात तर बाजूचा बिग पिट पण सोडू नका. कोळशाची खरी खाण, आता म्युझियम, पाळण्यातून ९० मीटर खाली नेतात. मोबाइल, बॅटरीचं घड्याळ, लायटर सगळं वर ठेवायला लागतं. पण काका खाली वाकून चालायला लागतं हां, गुडघे कुरकुरत असतील तर वरचंच बघा.

चिपळूणचे_काका
खाण रद्द मग. टॉवर मात्र बघणारच. हिला स्टॅक स्क्वेअरचं सांगितलं तर विचारते, तिकडे चुली होत्या का शेगड्या? आणि मे मध्ये छत्री लागेल का?

कुडाळकर
चुलीचं वहिनींनीच बघून सांगा. छत्री घ्याच, वेल्स आहे ते.