रात्रीच्या रस्त्यावर भरवसा कुणावर: डोळा लागणाऱ्या माणसावर की स्वतः चालणाऱ्या गाडीवर?

दुधनाकाठ (सेलू)

माझा मामेभाऊ गेला त्याला येत्या पौषात चार वर्षं होतील. पुण्याहून रात्री निघाला होता. पहाटे माजलगावच्या अलीकडे पंक्चर होऊन उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून गेला. ट्रॉलीला दिवा नव्हता. पंचनाम्याच्या वेळी मी तिथं होतो. रस्त्यावर ब्रेकची रेघच नव्हती. ट्रॉली त्याला दिसली नाही की डोळा लागला होता, ते आता कोण सांगणार?

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे की गाडी चालवणं माणसाच्या हातून जितकं लवकर काढून घेता येईल तितकं घ्यावं. यंत्राला झोप येत नाही, ते पीत नाही, मोबाइल बघत नाही. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. रोजची साडेचारशेच्या वर. तिकडे अमेरिकेत वेमो कंपनीच्या बिनचालकाच्या टॅक्सी फिनिक्स शहरात २०२० पासून सामान्य माणसांना घेऊन फिरतात. ५ कोटी ६७ लाख मैलांचा त्यांचा हिशोब २०२५ मध्ये बाहेर आला. गंभीर इजेचे अपघात माणसांपेक्षा ८५ टक्क्यांनी कमी. अभ्यास कंपनीच्याच लोकांचा आहे, तरी इतका मोठा फरक नुसत्या बनवाबनवीतून येत नाही असं मला वाटतं.

आपल्या समृद्धीवरचंच बघा. १५ ऑक्टोबर २०२३ ला मध्यरात्रीनंतर वैजापूरजवळ उभ्या ट्रकवर टेम्पो ट्रॅव्हलर गेली, १२ जणांचा जीव गेला. ७०१ किलोमीटरचा सरळ रस्ता, १२० ची मर्यादा आणि स्टिअरिंगवर रात्रभर जागलेला माणूस. यापेक्षा यंत्र वाईट चालवील का?

फडावरचा (धारूर)

दादा, भावाचं ऐकून जीव हळहळला. मी ट्रॅक्टरच चालवतो, दोन ट्रॉल्या जोडून, दसरा झाला की होळीपर्यंत. मनून दुसऱ्या बाजूनं बोलतो.

आमच्या रस्त्याची एक भाषा हाय. ट्रक बंद पडला की मागं दगड मांडायचे, बाभळीची हिरवी फांदी टाकायची. पन्नास पावलांवर फांदी दिसली की ड्रायव्हर समजतो, पुढं काहीतरी उभं हाय. सोयाबीन निघालं की अर्ध्या रस्त्यावर वाळत घालतात, कडंनं धोंडे लावतात. एकटी म्हैस रस्ता ओलांडायली की मागून पोरगं पळत येणार, हे ठरलेलं. समोरच्यानं डिपर मारला तर तो "थांब" मनतो का "ये" मनतो, हे त्याच्या वेगावरून कळतं. फिनिक्सच्या गाडीला ह्यातलं काय शिकवलंय? तिथं बाभळीची फांदी मजे नुसता कचरा.

आन झोपेचं मनाल तर, झोप माणसाच्या जातीला लागलेला रोग नाही. आठ तासांच्या वर चालवायचं नाही असा कायदा १९६१ पासून हाय. लातूर–पुणे–लातूर एकाच ड्रायव्हरला एका दमात करायला लावणारा मालक कोण, ते आधी विचारा. गडकरी साहेबांनी २०२३ मध्ये नागपुरात सांगितलं की बिनड्रायव्हरच्या गाड्या येऊ देणार नाही, लोकांचा रोजगार जाईल. ते मला पटलं.

दुधनाकाठ

फडावरचे दादा, दगड त्या रात्रीही मांडले होते. त्यातले दोन आम्हाला गाडीखाली सापडले. तुमची भाषा त्याला येत होती, तोही गावातच वाढला होता. डोळे उघडे नसले तर भाषा वाचणार कोण? आणि रोजगाराचा प्रश्न खरा असला तरी तो वेगळा आहे. गाडी सुरक्षित आहे की नाही, याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

परळीकर

समृद्धीवर चालू द्या, गावात नको. इतकं साधं आहे.

वॉर्ड_नंबर_तीन (अंबाजोगाई)

मी परिचारिका आहे, अपघात विभागात सोळा वर्षं काढली. माझ्याकडे स्ट्रेचरवर येतात त्यातले फार थोडे कारमधले असतात. बहुतेक मोटारसायकलवरचे, नाहीतर पायी चालणारे. देशाच्या आकड्यांतही २०२२ मध्ये मेलेल्यांपैकी ४४ टक्क्यांच्या वर दुचाकीवरचे होते. म्हणून गाडीत बसलेला किती सुरक्षित, हा प्रश्न मला अपुरा वाटतो. गाडी घेणाऱ्यानं भरवसा पैसे मोजून घेतला. कोजागिरीला तुळजापूरला चालत निघालेल्या बाईला कुणी विचारलं?

मार्च २०१८ मध्ये अमेरिकेत टेम्पी गावात उबरच्या चाचणीतल्या गाडीनं रात्री एका बाईला उडवलं. ती सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होती. गाडीला ती धडकेच्या साडेपाच सेकंद आधी दिसली होती. पण ही वाहन, ही सायकल, ही आणखी काही, असं ठरवण्यातच वेळ गेला. चौकशीत निघालं की झेब्रा सोडून मधूनच कुणी रस्ता ओलांडेल, हे त्या प्रणालीत धरलेलंच नव्हतं. लक्ष ठेवायला बसवलेली बाई मोबाइलवर कार्यक्रम बघत होती. आमच्या अंबाजोगाईत झेब्रावरून रस्ता ओलांडणारा माणूस मी पाहिलेला नाही. पट्टेच उरलेले नाहीत.

नांदेडची_पोर

मी पुण्यात गाड्यांच्या आपोआप ब्रेकच्या चाचण्या करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. गाडी किती आपली आपण चालते, याच्या शून्य ते पाच अशा पातळ्या आहेत. आपल्या शोरूममध्ये मिळतात त्या दुसऱ्या पातळीच्या. लेन धरतात, पुढच्या गाडीशी अंतर राखतात, ब्रेक मारतात, पण चालक तुम्हीच. वेमोची गाडी चौथ्या पातळीची. तीही ठरवून दिलेल्या भागात, आधी बारकाईनं केलेल्या नकाशावर चालते. वेमोचा आकडा दाखवून शोरूममधल्या गाडीवर विसंबणं ही माझ्या मते सगळ्यात घातक गल्लत आहे.

आता उभ्या वाहनाचं. दादा, हे लिहिताना मला जड जातंय. रडारला हलणारी वस्तू चांगली ओळखता येते. उभ्या वस्तूचा प्रतिध्वनीही येतो, पण तसाच तो पुलाचा, पाटीचा, कठड्याचाही येतो. प्रत्येकाला ब्रेक मारला तर मागची गाडी येऊन आदळेल. म्हणून जास्त वेगात असे प्रतिध्वनी पुष्कळदा बाजूला टाकले जातात. काम कॅमेऱ्यावर येतं आणि रात्री दिवा नसलेली ट्रॉली, त्यावर मातकट ऊस, हे कॅमेऱ्याला आपल्या डोळ्याइतकंच अवघड. उभ्या वाहनापुढं गाडी थांबेलच असं नाही, हे गाडीसोबतच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, पण ते कुणी उघडत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेत टेस्लाची चौकशी लागली ती याच कारणानं. अपघाताच्या जागी उभ्या असलेल्या पोलिसांच्या आणि अग्निशमनाच्या गाड्यांवर त्या जाऊन आदळत होत्या.

लायडार म्हणजे लेझरनं अंतर मोजणारं यंत्र. ते स्वतःचा प्रकाश टाकतं, त्याला अंधाराची अडचण नाही. वेमोकडे ते आहे. आपल्या नेहमीच्या गाड्यांत नाही.

आणि परळीकर, समृद्धीला कुंपण आहे, म्हैस येत नाही, हे खरं. पण तिथं जीव गेले ते उभ्या ट्रकवर. म्हणजे तुम्ही सोपा समजता तो रस्ता या यंत्राच्या नेमक्या कच्च्या जागेवर बोट ठेवतो.

कचेरीरोड (लातूर)

मी मोटार अपघात दाव्यांची वकिली करतो. माझ्यापुढं भरवशाचा प्रश्न असा येतो: चुकल्यावर उभं कोण राहतं? आपला मोटार वाहन कायदा परवाना असलेला माणूस धरून लिहिलेला आहे. मर्सिडीजनं जर्मनीत तिसऱ्या पातळीची प्रणाली आणली, म्हणजे ठरावीक परिस्थितीत गाडी स्वतः चालते आणि तिनं सांगितलं की चालकानं हाती घ्यायची. ती ताशी ६० पर्यंतची. ती चालू असताना झालेल्या चुकीची जबाबदारी आपली, असं कंपनीनं मान्य केलं. हा मला भरवसा वाटतो, कारण त्यात तिचा पैसा गुंतला आहे.

उलट क्रूझ या बिनचालक टॅक्सीच्या कंपनीचं बघा. ऑक्टोबर २०२३, सॅन फ्रान्सिस्को. माणसानं चालवलेल्या गाडीनं उडवलेली एक बाई क्रूझच्या टॅक्सीपुढं पडली. टॅक्सीनं ब्रेक मारला, थांबली, मग कडेला जायचं म्हणून पुन्हा निघाली आणि तिला वीसेक फूट फरफटत नेलं. सरकारला दिलेल्या अहवालात फरफटत नेल्याचं लिहिलंच नव्हतं. पुढं २०२४ मध्ये कंपनीनं खोटा अहवाल दिल्याचं कबूल करून ५ लाख डॉलर दंड भरला. ट्रक ड्रायव्हर साक्षीत घाबरतो, घाम पुसतो, त्यावरून काही कळतं. यंत्राची सगळी नोंद कंपनीच्या कुलपात. माझ्या दाव्यातली विधवा ती कुठून मागणार?

दुधनाकाठ

चार वर्षं मी मामाला सांगत आलो की तसली गाडी असती तर तो वाचला असता. ताईंचं वाचून कालपासून मन लागत नाही. आता ते वाक्य मी मामापुढं पुन्हा बोलणार नाही.

तरी माझं म्हणणं सगळं मागं घेत नाही. डोळा मिटला की ओरडून जागं करणारी यंत्रणा, ब्रेक उशिरा का होईना मारणारी यंत्रणा, ही प्रत्येक ट्रकला आणि ट्रॅव्हल्सला हवी. नव्वदच्या वेगानं आदळणारा चाळीसनं आदळला तरी फरक पडतो. स्टिअरिंग पूर्ण सोडून देण्याबद्दल मात्र वकीलसाहेबांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

फडावरचे दादा, ट्रॉलीला मागं चमकणारी पट्टी का लावत नाहीत? लोक म्हणतात त्या पट्ट्या कारखानाच वाटतो.

फडावरचा

लावतो दादा. कारखाना वाटतो, ते खरं. पण ऊस भरला की वाढं मागं लोंबतं आन पट्टी झाकून जाते. लाईटची वायर दुसऱ्या ट्रॉलीपर्यंत नेली तर जोडाच्या पिनीपाशी खड्ड्यात तुटते, आठवड्यात दोनदा तरी. मागच्या साली मी मोळ्यांच्या वर उभा बांबू रोवला आन त्याला सायकलचा लाल चमकणारा दिवा बांधला, सेलवरचा. तो लांबून दिसतो. आमच्या टोळीत सात ट्रॅक्टर हायत, तसला दिवा तिघांनी बांधलाय.