इथियोपियन जॅझ आणि भूप
तुम्ही दिलेल्या गाण्यांच्या यादीत अभंग, ब्लूज आणि इथियोपियन जॅझवाले मुलातु अस्तात्के शेजारी शेजारी बघून मजा आली. पण इथियोपियन गाणी 'अरबी वळणाची' वाटतात, हे तुमचं म्हणणं काही पटलं नाही. तिथल्या जुन्या स्वरमाला बहुतेक पाच सुरांच्या. त्यातल्या 'तिझिता' नावाच्या स्वरमालेचा एक प्रकार तर सरळ सा रे ग प ध, म्हणजे आपला भूप रागच की! दुसऱ्या प्रकारात ग आणि ध कोमल होतात, आणि मग जी काही हुरहूर लागते, विचारू नका. बॉस्टनला बर्कली संगीत महाविद्यालयात शिकलेल्या मुलातुंनी असल्याच पाच सुरांखाली जॅझचे कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे सुरांचे गुच्छ, घातले.

भूपासारख्या तिझितातलं एखादं गाणं लावा आणि त्यावर लगेच बाबूजींचं (सुधीर फडक्यांचं) 'ज्योति कलश छलके'. सूर तेच, पण रेंगाळायच्या जागा पार वेगळ्या. सध्या गाडीत माझं हेच चालू असतं, शेजारी बसणारे वैतागलेत.