मराठी पान असताना गूगल हिंदी पान का दाखवते?

कोकमघर (रत्नागिरी):
आमचा कोकम, आगळ आणि फणसपोळीचा घरगुती व्यवसाय आहे. संकेतस्थळावर प्रत्येक पदार्थाची मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशी तीन पाने आहेत. पुण्यातील गिऱ्हाइकाने ‘कोकम आगळ’ शोधले की त्याला हिंदी पान दिसते; न्यू जर्सीतील माझ्या बहिणीने मराठी पानाचा दुवा उघडला, तर ती आपोआप इंग्रजी पानावर जाते. डोमेन डॉट इन आहे आणि प्रत्येक पानाच्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानामागच्या कोडमध्ये, भाषेची नोंदही आहे. आणखी काय करावे?

सह्याद्रीकाठ:
एचटीएमएलमधील ती नोंद गूगल विचारात घेत नाही. पानावर दिसणाऱ्या मजकुरावरूनच ते भाषा ओळखते. मराठी आणि हिंदीची लिपी एकच असल्यामुळे ‘कोकम आगळ, ५०० मिली’ एवढेच लिहिलेले पान कोणत्या भाषेतले, हे माणसालाही सांगता येणार नाही. आगळ कसे काढतात, सोलकढीसाठी किती घ्यायचे, याविषयी दोन परिच्छेद सलग मराठीत लिहा आणि मेनू व बटणेही मराठीत करा. त्यानंतर गूगलने २०११ मध्ये आणलेली एचरेफलँग ही खूण वापरा; एकाच पानाच्या वेगवेगळ्या भाषांतील आवृत्त्या कोणत्या पत्त्यावर आहेत, हे ती गूगलला सांगते. तिन्ही पानांवर तिन्ही पत्ते, म्हणजे त्या पानाचा स्वतःचा पत्ताही, द्यावा लागतो. मराठी पानाने हिंदीकडे बोट दाखवले आणि हिंदी पानाने उलट दाखवले नाही, तर ती जोडी धरली जात नाही.

भाषासेतू:
एचरेफलँगमध्ये भाषेचा आणि देशाचा कोड लिहिताना भाषा आधी आणि देश नंतर, हा क्रम पाळावा. ‘एमआर’ हा मराठी भाषेचा कोड आहे, पण देशांच्या यादीत तोच कोड मॉरिटानियाचा आहे. मराठी माणसांसाठीचे इंग्रजी पान म्हणून ‘ईएन-एमआर’ लिहिलेले मी एका संकेतस्थळावर पाहिले आहे. त्याचा अर्थ मॉरिटानियातील इंग्रजी वाचक असा होतो. आपण मराठीसाठी नुसते ‘एमआर’ ठेवा, देश जोडू नका, कारण आपली बहीणही त्याच पानाची वाचक आहे.

सर्व्हरवाला:
माझ्या मते मूळ दुखणे आपोआप होणाऱ्या रिडायरेक्टमध्ये आहे. आपला सर्व्हर आयपी पत्त्यावरून, म्हणजे पाहुण्याच्या इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून, देश ओळखून त्याला दुसऱ्या पानावर वळवत असावा. गूगलचा क्रॉलर, म्हणजे पाने वाचत फिरणारा प्रोग्राम, बहुतेक वेळा अमेरिकेतील पत्त्यांवरूनच येतो, त्यामुळे जी गत बहिणीची तीच त्याची होते आणि मराठी पान त्याच्या हाती लागतच नाही. रिडायरेक्ट काढून पानाच्या माथ्यावर ‘मराठी | हिन्दी | English’ असे साधे दुवे द्या, आणि यांपैकी कोणतीच भाषा न जुळणाऱ्यांसाठी एक पान एचरेफलँगमध्ये ‘एक्स-डिफॉल्ट’ म्हणून नोंदवा.

कोकमघर (रत्नागिरी):
मनःपूर्वक आभार. रिडायरेक्ट आयपीवरूनच होत होते. आज बंद केले. अमेरिकेसाठी इंग्रजी पान वेगळे करावे का?

सर्व्हरवाला:
दर डॉलरमध्ये असतील आणि माल तिकडे पाठवत असाल, तरच अमेरिकेसाठी ‘ईएन-यूएस’ आणि भारतासाठी ‘ईएन-आयएन’ अशी दोन इंग्रजी पाने करा. मात्र डॉट इन हे डोमेन गूगलला भारताकडेच निर्देश करते आणि सर्च कन्सोल या गूगलच्या संकेतस्थळ-मालकांसाठीच्या साधनातील देश निवडण्याची सोय २०२२ मध्ये बंद झाली आहे; म्हणून निर्यात वाढवायची असेल, तर डॉट कॉम घेणे बरे.