आजोबा गोव्याचे म्हणून पोर्तुगीज पासपोर्ट काढायचा का?

रेल्वे लाइन्सची ताई
काल इथं एकानं लिहिलं, 'ज्यांचे आजोबा गोव्याचे त्यांनी तीन लाख घालावेत, दोन देशांचे नागरिक व्हावं, लंडन मोकळं.' वाचून रात्रभर झोप नाही. अहो, भारतात दुहेरी नागरिकत्व नाहीच. १९५५ च्या कायद्याचं कलम ९ सरळ आहे. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलंत की इथलं संपलं. पोर्तुगालला दोन चालतात, आपल्याला नाही. ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयाला मिळतं ते, हा आजन्म व्हिसा आहे. मत नाही, सरकारी नोकरी नाही. आणि ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडलं, त्यामुळं पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांना लंडनचं दार ३१ डिसेंबर २०२० लाच बंद झालं.

आमचे वडील मडगावचे, रेल्वेत लागून सोलापुरात आले. जन्म १९ डिसेंबर १९६१ च्या, म्हणजे गोवा पोर्तुगीजांकडून सुटायच्या आधीचा. अशांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगाल नागरिकत्व देतं, म्हणून आम्हालाही वाट होती. धाकट्यानं एजंट गाठला. वडिलांच्या पोर्तुगीज जन्मदाखल्यावर आडनाव 'सि'नं सुरू, सर्व्हिस बुकात 'शि'नं. एवढ्या एका अक्षरापायी ॲफिडेव्हिट, गॅझेट, मडगावच्या चार खेपा. दोन वर्षं आणि आईच्या पाटल्या गेल्या. लिस्बनला कागद पाठवायच्या आठवड्यात आई न्हाणीत पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं. फाइल तिथंच राहिली.

गोदामवाला, रॉटरडॅम
ताई, आईंचं वाचून वाईट वाटलं. पण एजंट चुकीचा भेटला म्हणून वाटच चुकीची कशी? माझा डिप्लोमा झाला तेव्हा एमआयडीसीत बारा हजार पगार होता, तोही दहा तारखेनंतर. आज फोर्कलिफ्ट चालवतो, घरी पैसे पाठवतो. युरोपियन युनियनच्या २७ देशांत व्हिसाविना काम करता येतं. गिरण्या बसल्या, यंत्रमाग भंगारात गेले, तेव्हा कलम ९ नं कुणाला भाकरी दिली?

होटगी रोड
मधला मार्ग आहे. लिस्बनला फक्त जन्माची नोंद करा, पासपोर्ट काढू नका. काही बिघडत नाही.

रेल्वे लाइन्सची ताई
असं सांगू नका हो! कायदा नागरिकत्व बघतो, पासपोर्ट नंतर. नुसत्या नोंदीवरून गोव्यात आमदारकीपर्यंतची भांडणं कोर्टात गेली आहेत.

मालदांडी मंगळवेढा
जमिनीचं कुणी बोलत नाही. माझ्या चुलतभावानं परदेशी नागरिकत्व घेतलं. परवा बांधाशेजारची दोन एकर विकायला निघाली. पैसा रोख तयार, पण ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. त्याचा सख्खा भाऊ म्हणाला, मी घेतो न् बक्षीसपत्र करून देतो. तेही चालत नाही. घेतली परक्यानं, पहिल्याच दिवशी आमची वहिवाट अडवली.

गोदामवाला, रॉटरडॅम
वारसानं येते की जमीन. अर्धंच सांगू नका, अण्णा.

मालदांडी मंगळवेढा
येते. मान्य. पण उद्या विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. आणि वारसानं येण्यासाठी आधी बाप मरावा लागतो, हे ध्यानात असू द्या.

जुळे सोलापूर
जमीन, जमीन, जमीन! उजनी भरलेली असते आणि आमच्या नळाला चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी. पाण्याच्या दिवशी बायको रजा टाकते. असल्या गावात पोरांनी तुमच्या दोन एकरांसाठी थांबायचं काय?

मालदांडी मंगळवेढा
उजनीचं नाव काढू नका. धरणात गावं आमच्या जिल्ह्याची बुडाली. शेवटच्या टोकाच्या फाट्यावर पाळी कधी येते ते येऊन बघा. तुम्हाला चौथ्या दिवशी येतं, माझी ज्वारी दोन-दोन महिने आभाळाकडं बघते.

जुळे सोलापूर
मग तुमच्या पोराला तरी शेतीत ठेवलंय का? पुण्यात आहे ना तो?

मालदांडी मंगळवेढा
माझ्या पोराला मधे आणायचं कारण नाही. पुण्यात आहे, पण पेरणीला येतो. परदेशी पासपोर्टवाला आईच्या मातीलाही वेळेत पोचत नाही. डोळ्यानं बघितलंय मी.

अश्विनीची आई
भांडण थांबवा, मला खरंच ठरवायचंय. सासरे दमणचे, तेही पोर्तुगीजांकडंच होतं. मुलगी अकरावीला, नीट देणार.

गोदामवाला, रॉटरडॅम
वहिनी, मग आत्ता मुलीचं काही करू नका. ४ मार्च २०२१ नंतर ओसीआय झालेल्यांना मेडिकलला एनआरआयच्या जागाच मिळतात. सरकारी कॉलेजची साधी जागा गेली. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या धाकट्या बहिणीची तशीच गेली, अजून बोलत नाही माझ्याशी.

रेल्वे लाइन्सची ताई
हे आधी लिहिलं असतंत तर मी एवढी चिडले नसते. बरं, तुमचंही एक मान्य करते. पंचविशीतला डिप्लोमावाला, जमीन नाही, आईबापाला बघणारा दुसरा भाऊ घरात, त्याला परवडेल. आमच्या घरात असा दुसरा कुणी नव्हता.

फाइल आईच्या कपाटात लुगड्यांखाली आहे. पुतण्या सोळाचा आहे. अठराचा झाला की त्याच्या हातात देईन, वर कलम ९ ची झेरॉक्स लावून. पाटल्यांचं मात्र त्याला सांगणार नाही.