चाकांचा पिंजरा की पक्कं शेड?

ब्रॉयलर (मांसासाठी वाढवायच्या कोंबड्या) ठेवायला बिनतळाचा पिंजरा चाकांवर बसवून रोज पुढे सरकवायचा, ही कुणीतरी सुचवलेली युक्ती हिवाळ्यापुरती झकास आहे. पण आपल्या विदर्भातल्या काळ्या मातीत जुलै लागला की चाकं जागची हलत नाहीत. ब्रॉयलर काही गावरानीसारखा दांडीवर चढत नाही. खाणार अन् तिथंच बसकण मारणार, म्हणजे चिखलातच. ५० पिलांसाठी मी तरी उंच ओट्यावरचं शेडच म्हणेन.

पक्ष्यामागे निदान १ चौरस फूट, उन्हाळ्यात दीड धरा. लांबी पूर्व-पश्चिम ठेवली की ऊन आत घुसत नाही. लांब बाजूंना फूटभर भिंत, वर जाळी. ती मऊ षटकोनी जाळी मात्र नको, रानमांजर फाडून आत येतं. वेल्डेड घ्या, महाग पडली तरी.

छताच्या टिनाला नुसता चुना मारून आपल्याकडे भागत नाही. अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो, अन् विक्रीला आलेले वजनदार पक्षीच आधी माना टाकतात. टिनावर तणस (धानाचा पेंढा) किंवा पऱ्हाटीचा (कापसाच्या वाळल्या काड्यांचा) जाड थर द्या, दुपारी पाणी शिंपडा. खरं तर मे महिन्यात बॅच निघेल अशी पिलं टाकूच नका.

खाली धानाचं तूस २-३ इंच. भंडारा-गोंदियावाल्यांना राइस मिलवर सहज मिळतं. मूठभर घेऊन दाबा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ते ओलं आहे, लगेच हलवून वाळवा किंवा बदला.