प्रति: मंडळीचं काम आधी की घर?

वर एका ताईंनी लिहिलंय की नवरा मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कामात इतका गुंतलाय की मुलांना तो रविवारी उपासनेतच दिसतो, आणि विचारलं तर 'आधी देव, मग घर' हे उत्तर. ताई, तुमचंच बरोबर आहे. मंडळीच्या अध्यक्षासाठी प्रेषित पौलाने घातलेली अट बायबलमध्ये वाचा, 1 तीमथ्य 3:5: ज्याला स्वतःचं घर सांभाळता येत नाही, तो देवाची मंडळी काय सांभाळणार? मार्क 7 मध्ये तर देवाला वाहिलं असं सांगून आईबापांना मदत नाकारणाऱ्यांना प्रभू येशू चांगलंच सुनावतो.

आमच्या खानापूर भागातले बरेच जण रोज बेळगावला कामाला जातात. घरी पोचेपर्यंत रात्र होते, वर आठवड्याच्या प्रार्थनासभा. मी युवक संघाची जबाबदारी सोडली. आता जेवणाआधी घरीच प्रार्थना होते. धाकटी बोट ठेवून बायबलमधली ओळ वाचते, शाळा कन्नड माध्यमाची, त्यामुळे जोडाक्षराला अडते, मग थोरला सांगतो. मराठी शास्त्र (बायबल) तिला दुसरं कोण शिकवणार?

पाळकसाहेबांशी (मंडळीच्या धर्मगुरूंशी) तुम्ही नवरा-बायको दोघांनी मिळून बोला. आमचे तर लगेच म्हणाले, बुधवारची सभा तुमच्याच घरी घेऊ.